झेलणारा आधी उतरतो

आमच्या भागात शिट्टीला कोणी थांबत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं.

वॉटर पार्क नगरपासून तासाभराच्या अंतरावर, हायवेला लागून होता. आत शिरल्यावर डावीकडे लाटांचा तलाव आणि उजवीकडे छातीएवढ्या पाण्याचा साधा तलाव. साध्या तलावाच्या काठावर निळ्या छत्रीखाली एक उंच खुर्ची होती, ती मला मिळाली. पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, खांद्याला लाल फ्लोट. बाई लाइफगार्ड मी एकटीच होते.

आमचे सर, म्हणजे लाइफगार्डांचे प्रमुख, आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरचे. शाळेच्या मुलांना पोहायला शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. रविवारी ते चर्चमधून थेट यायचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आणि दिवसभर काठावर वावरूनही तो शर्ट कोरडा ठेवायचे. माझी चाचणी झाल्यावर ते म्हणाले, “पोहतेस चांगली. पण इथे पोहायचं काम कमी. माणसं तुझं ऐकतात का, ते महिनाभर बघू. नाही ऐकलं, तर कपड्यांचं काउंटर आहेच.”

कपड्यांचं काउंटर म्हणजे भाड्याने दिलेले नायलॉनचे ओले पोशाख परत घेऊन पिळायची जागा. तिथून पाणी दिसत नव्हतं. मला खुर्ची हवी होती. सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर विहिरीत पोहणारी मुलगी मी एकटीच, आणि या पोहण्याचा पुढे काही उपयोग होईल असं घरात कोणालाच वाटलं नव्हतं. अपवाद चुलत्यांचा. त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांना मी तात्या म्हणते.

संध्याकाळी मी घरी पोहोचले की तात्या अंगणातूनच विचारायचे, “आज किती जनं काढली?”

“कोणीच नाही.”

“येक बी न्हाई? मग पगार कशाचा देत्यात गं?”

बुडू न देण्याचा, असं मी सांगून बघितलं. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न.

येणारी माणसं मला आवडायची. शिर्डीचं दर्शन उरकून आलेली कुटुंबं, बचत गटाच्या बायका, टेम्पो भरून आलेली अख्खी भावकी. पोशाख बदलून आलेल्या बायका आधी एकमेकींकडे बघून पोट धरून हसायच्या, मग हात धरून रांगेने पाण्यात उतरायच्या. लाटा सोडण्याआधी शेजारच्या तलावावर भोंगा व्हायचा. सगळा मुलूख साखर कारखान्यांचा. भोंगा झाला की वयस्कर पाहुणे हटकून मनगटाकडे बघायचे आणि एखादा म्हणायचाच, “पाळी सुटली वाटतं!”

त्या तलावावर नगर शहरातला एक मुसलमान मुलगा ड्युटीला असायचा. माझ्याआधी वर्षभर लागलेला. तो म्हणाला, “ताई, माझ्या भोंग्याला लोक घड्याळ बघतात. तुझी शिट्टी त्यांना कबड्डीची वाटते. मनाला लावून घेऊ नकोस, चहा घे.”

मनाला लागायचं कारण वेगळं होतं. आमच्याकडच्या बहुतेक पुरुषांना लहानपणी कोणीतरी विहिरीत फेकलेलं असतं, आणि ते तसेच शिकलेले असतात. त्यामुळे इथे आले की ते आपल्या पोरांना काखेत धरून तलावात फेकायला निघायचे. पोर किंचाळायचं, मी शिट्टी फुंकायची, आणि बाप किंवा मामा मला हात करून हसायचा. शेवटी सर लांबून चालत यायचे. ते आले की माणूस थांबायचा. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा सर माझ्या खुर्चीजवळून परत गेले. जाताना त्यांनी कपड्यांच्या काउंटरकडे एकदा बघितलं.

महिना संपत आला होता. त्या रविवारी सर चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीच्या मागेच उभे होते. टेम्पोतून आलेल्या एका घोळक्यातले मामा भाड्याची चड्डी घालून काठावर आले. डोक्यावरची टोपी तशीच होती. काखेत सहा-सात वर्षांची भाची. तिने दोन्ही हातांनी त्यांचा दंड आवळून धरला होता.

शिट्टी मी ओठांपर्यंत नेली. तेवढ्यात आमची विहीर आठवली. माझ्या कमरेला कासरा बांधला होता, वडील वरून फेकणार होते, आणि खाली काळ्या, गार पाण्यात तात्या होते. पाण्याबाहेर फक्त त्यांचं डोकं आणि वर केलेले दोन हात. ते हात दिसले म्हणून मी रडायची थांबले होते.

मी शिट्टी सोडली, खाली उतरले आणि मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“मामा, झेलणार कोण?”

“आँ?”

“तुम्हाला विहिरीत फेकलं तवा खाली कोण उतरलं हुतं?”

“थोरला भाऊ.”

“मग हिच्यासाठी कोण उतरलंय?”

मागून त्यांच्या घोळक्यातली एक बाई ओरडली, “बरुबर हाय! उतरा की आता, लई शूर हाय ना तुमी!”

“उतरतो की. भितो का काय!” मामा म्हणाले. भाचीला त्यांनी काठावर बसवलं, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि शिडीला धरून, एकेक पाय चाचपत, पाण्यात उतरले. पाणी पोटाला लागलं तेव्हा त्यांनी मोठ्याने श्वास घेतला. घोळका हसला. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. “ये गं माजी बाय.”

भाची बराच वेळ पाण्यात पाय हलवत बसून राहिली. कोणी घाई केली नाही. मग ती आपणहून घसरली आणि मामांच्या गळ्यात पडली. थोड्या वेळाने त्यांनी तिच्या पोटाखाली हात धरला आणि ती पाय मारायला लागली.

मी वळले. सर तिथेच होते.

“टोपी धरून ड्युटी करायची नसते,” ते म्हणाले. “हात मोकळे पाहिजेत.”

मी टोपी खुर्चीच्या दांडीला अडकवली.

“उद्या दहाला ये. तुझी छत्री फाटलीय, बदलून घे.” एवढं बोलून ते लाटांच्या तलावाकडे गेले. काउंटरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी तात्या अंगणातच होते.

“आज किती जनं काढली?”

“काढलं कोणालाच नाही,” मी म्हणाले. “एका मामाला उतरवलं.”

कसं, ते सांगायला मी त्यांच्याजवळ बसले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “पानी गार हुतं का?”