मुठीएवढी जागा

माझी नात सहा फुटांना एक बोट कमी. ही उंची तिने माझ्याकडून उचलली आणि गाडीत बसताना दर वेळी ती मला त्याबद्दल ऐकवते. साध्या गाडीत नव्हे, शर्यतीच्या गाडीत. आठवडाभर नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी गोखिवऱ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन त्या गाडीत शिरते. शिरते म्हणजे शिरतेच. आधी उजवा पाय, मग बूड, मग मान मोडून डोकं, आणि डावा पाय शेवटी हाताने उचलून आत. आडवं पाडलेलं कपाट बरं, असली ती बुटकी गाडी.

एक गाडी, दोन चालक, अर्धी अर्धी शर्यत. दुसरा चालक हिच्या खांद्याला लागणारा एक मुलगा. सीट त्याच्या मापाची, कारण गाडी बांधली तेव्हा तो एकटाच होता. हिची पहिली शर्यत पुढच्या रविवारी होती. त्याआधी तपासनीस येऊन बघणार होता, हेल्मेट घातल्यावर डोकं आणि वरचा लोखंडी पिंजरा यांच्यात एक मूठ जागा राहते का. मूठ गेली तर ही गाडी चालवणार. नाही गेली तर तो मुलगा एकटाच. दीड वर्ष ती याच्यासाठी राबत होती.

"मी पण येते," मी म्हटलं.

"ये. पण तिथे तोंड उघडायचं नाही."

"मी कधी उघडते?"

तिने केस बांधता बांधता आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवीतली सुकेळी, आमची वाळवलेली केळी, काढून एक तोंडातच टाकली.

शेडचा मालक कामणच्या बाजूचा, खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याने मला एक बुटकं स्टूल दिलं, गाडीच्या अगदी दाराशी. "आजी, पानी घ्या. घाबरू नका, सीटची गादी काडलीय, मागं पन सारलीय शेवटच्या खाच्यापर्यंत. आता याच्या खाली जमीनच."

तपासनीस आला. सभ्य, चष्मेवाला, घड्याळाकडे बघणारा. नातीने हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले. पत्रा तापलेला, पंख्याची हवा गरम. तो गाडीच्या टपाशी वाकला आणि त्याने मूठ वळली.

आणि मी पाहिलं. तो वरून बघत होता, मी स्टुलावर खाली बसले होते, म्हणून मलाच दिसलं. पोरीने पट्ट्यांच्या आतल्या आत कंबर पुढे सरकवली. पाठ गोल केली, हनुवटी छातीशी. चार बोटं खाली गेली ती. आणि चेहरा कसा? देवळात आरतीला उभी असल्यासारखा.

तो चेहरा मी ओळखते. आरशात पाहिलाय.

मला बघायला माणसं आली होती तेव्हाची गोष्ट. वाडीत माझ्याइतकी लांब मुलगी दुसरी नव्हती. नारळ सोडून बाकी सगळं मी शिडीशिवाय काढायचे. मुलगा माझ्यापेक्षा दोन बोटं कमी आहे अशी बातमी आधीच आलेली. आत्याने साडी पायघोळ नेसवली आणि शिकवलं, "आत गुडघ्यांत वाक आणि तशीच चाल. वरून कोणाला कळत नाही." मी बाई अशी हुशार की आठवडाभर केळीच्या बागेत सराव केला! चहाचा ट्रे घेऊन बदकासारखी गेले, बदकासारखी परत आले, आणि मनात म्हणते काय, आपल्यासारखी चतुर आपणच. पसंती आली. मग काय, साखरपुड्याला वाकून, लग्नात वाकून, हार घालताना वाकून. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी परसात शेवग्याच्या शेंगा काढताना विसरले आणि सरळ उभी राहिले. नवरा मागे उभा. म्हणाला, "काल रात्री वाढलीस काय गं?" तो हसत सुटला. त्याला पहिल्या दिवसापासून चालणारच होतं! बायकोच्या उंचीचं त्याला काही नव्हतंच. ती महामूर्ख मुलगी मात्र पुढे कितीतरी वर्षं चार माणसांत खांदे पाडून फिरली, सवयच लागली म्हणून. पाठ अजून बोलते.

पण मी वाकले तर फार तर पाठ गेली. ही वाकून ताशी किती वेगाने जाणार होती देव जाणे. गाडी उलटली तर पट्ट्यांतही माणूस ताणला जाऊन सरळ होतो, असं हिनेच मला मागे हौसेने समजावलं होतं. सरळ झालं की डोकं कुठे, ते समोर दिसत होतं. लोखंडात.

तपासनिसाची मूठ आत गेली. अलगद गेली. "ठीक आहे," तो म्हणाला आणि सरळ होऊ लागला. मालकाने सुस्कारा सोडला. नातीचे डोळे हेल्मेटमधून माझ्यावर. बोलू नकोस, असं साफ लिहिलेलं त्यात.

बोलले तर दीड वर्ष गेलं. नाही बोलले तर रविवार येणार.

"साहेब," मी म्हातारीचा आवाज काढला, चांगला थरथरता, "मला अडाणीला एक सांगा. एवढ्याशा जागेत ते चाक पूर्ण फिरतं तरी का हो?"

"फिरतं ना आजी. दाखवा हो त्यांना."

नातीने स्टिअरिंगचं चाक धरलं. हळूहळू फिरवलं. कंबर पुढे आल्यामुळे गुडघे वर चढले होते. अर्ध्या वळणात तिची मूठ गुडघ्यावर आपटली आणि चाक थांबलं.

पंखा तेवढा घरघरत होता.

तपासनिसाने चष्मा पुसला. "मागे सरका. पाठ टेकवा." ती सरकली. त्याने मूठ नेली. दोन बोटं गेली, बाकीची बाहेर राहिली.

"या रविवारी नाही," तो म्हणाला. "सीट बदला, मग बोलवा."

त्या गाडीतून बाहेर पडायलाही वेळ लागतो. रागाने उठून निघून जाता येत नाही, एकेक पाय काढावा लागतो. ती बाहेर आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. खरंच झालं नव्हतं.

मालक मध्ये पडला. "ताई, सीट ज्याच्यावर सरकते ती रेल कापतो. सीट सरल तळालाच बोल्ट मारतो, चार बोटं भेटतील."

"आणि त्या दुसऱ्याला पुढचं दिसेल का?"

"त्याला उशी देऊ. बुटक्याला उशी चालते, उंचाला काय देनार?"

रविवारी तो मुलगा एकटाच धावला, पाचवा आला. ही बाजूला उभी राहून त्याला वेळा सांगत होती. घरी आली ती जेवली नाही. मी समजूत काढायला गेले नाही. माझ्या तोंडून ती तिला गोड लागली नसती.

काल संध्याकाळी मी भाजी निवडत असताना ती स्वयंपाकघरात आली. "सीट बसली खाली. सोमवारी परत तपासणी आहे."

"बरं."

"तू यायचं नाहीस."

"बरं."

दाराशी जाऊन थांबली. "आलीस तर बाहेर बसायचं. दाराजवळ नाही."

मी मान डोलावली. सोमवारची साडी इस्त्रीला देऊन आलेय.