मतदार यादीतले आम्ही दोघं

निकालाच्या दिवशी गिंडीतल्या आमच्या कारखान्यात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. ड्रॉइंग ऑफिसात मी एकटी बाई आणि एकटीच मराठी. बाकीचे सगळे तमिळ, रेडिओभोवती. सत्तेवरचे हरले आणि निमूट खुर्ची सोडायला तयार झाले, हे ऐकून मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. या देशात आपल्याला कुणी विचारत नाही असं माझ्या मनानं घेतलं होतं, ते जरा सैल झालं. कुणीतरी म्हैसूरपाक वाटला. मी तो हातात घेऊन बसले, खाल्ला नाही. या सगळ्यात माझं मत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी मी दहाच्या सुमाराला अड्यारमधल्या शाळेत गेले होते. यादीत माझं नावच नव्हतं. यांचं होतं. हे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पक्षाचा माणूस यादीवर बोट ठेवून हसत म्हणाला, "सार ओट्टु पोट्टाच्चे, अम्मा." साहेबांचं मत पडलंसुद्धा! माझं डोकंच फिरलं. मेलेला माणूस मत देऊन जातो आणि जिवंत बाई दारात उभी, ही कसली तुमची निवडणूक, म्हणून मी चांगली कडाडले. पण रागात मराठीच तोंडात आलं, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही.

मुळात घोळ माझाच. हे गेल्यावर नाव कमी करण्याचा अर्ज मी आपल्याकडच्या रीतीनं भरला होता. खाली माझं नाव, मग यांचं, मग आडनाव. इकडे आडनावाची भानगडच नाही. माणसाचं एक नाव आणि त्याच्या आधी बापाचं किंवा नवऱ्याचं एक अक्षर. एवढ्या लांबलचक नावांतला गेलेला माणूस कोणता, हे कारकुनाला उमगलं नसावं. त्यानं मला खोडलं. आणि राहिलेल्या नावावर कुणा भामट्यानं हात मारला.

घरमालक खालीच राहायचे. तंजावरकडचे मराठी, निवृत्त मास्तर. मी त्यांना मामा म्हणायची. माझं रडगाणं ऐकून ते म्हणाले, "सरकार बदललें की, बाई! मग तुमचें एक वोट पडलें काय, न पडलें काय, सांगा पाहूं."

"मामा, आज आपल्या मनासारखं झालं म्हणून गोड लागतंय," मी म्हणाले. "उद्या अशाच मेलेल्यांच्या मतांवर कुणी निवडून आला तर?"

मामांनी नुसती मान डोलावली. मला वाटलं, मी जिंकले.

पुढच्या आठवड्यात मी नाव घालायचा अर्ज भरून दिला. कारकुनानं दुसराही पुढे केला, यांचं नाव काढायचा. तो मी घडी करून पर्समध्ये टाकला. घरी नेऊन भरते म्हटलं, आणि भरला नाही. रेशनकार्डावरून यांचं नाव काढलं होतं, बँकेतून काढलं होतं, गॅसच्या पुस्तकावरून काढलं होतं. दरवेळी दाखला घेऊन मीच गेले होते. आता या अख्ख्या शहरात ती एकच यादी उरली होती जिथं एका घर नंबराखाली आम्ही दोघं होतो. लोकशाहीच्या नावानं गळा काढणारी मी, एका खोट्या मताची सोय माझ्याच घरात करून बसले होते. लाज वाटत होती, तरी हात उठत नव्हता.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. त्याआधी यादी पडताळायला एक बाई दारात आल्या. माझ्या नावावर खूण करून त्यांनी विचारलं, "सार?"

"वेळिय पोयिरुक्कार," मी म्हणाले. बाहेर गेलेत.

मतदानाच्या दिवशी मी रांगेत पहिली उभी राहून मत दिलं आणि घरी न जाता शाळेच्या फाटकाबाहेर बसले. यांच्या नावावर कुणाला मत देऊ द्यायचं नाही, एवढंच ठरवून आले होते. चोर चेहऱ्यावरून कसा ओळखणार? तरी बसले. ऊन वाढलं. पोलीसबाईंनी दोनदा उठवलं, मी पाय दुखतात म्हणून सांगितलं. साधारण यांच्या उंचीचा कुणी दिसला की मी उठून उभी राहायची.

संध्याकाळी मतदान संपल्यावर पक्षाचा माणूस बाहेर आला. मी त्याला गाठून यांच्या नावापुढे खूण आहे का ते बघायला लावलं. त्यानं पानं उलटली, बोट खाली नेलं.

"कुणी आलं नाही, अम्मा."

बरं झालं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. दिवसभर मी पहारा करतेय असं समजत होते. मी वाट बघत बसले होते.