व्हर्नाच्या दाराशी बँड

नवरा गेल्यावर व्हर्नाने नेब्रास्कातलं घर विकलं आणि साठी उलटल्यावर न्यू ऑर्लिन्स गाठलं, तेही निव्वळ तिथल्या रात्रींसाठी. लेक भडकली. "लोक म्हातारपणी दवाखाना जवळ बघतात, आई, आणि तू बार बघतेस?"

"दवाखान्यात कुणी नाचतं का?" व्हर्ना म्हणाली.

पुढची कित्येक वर्षं ती अल्सीडच्या बारमध्ये मनसोक्त नाचली. मग एकदा नाचतानाच पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून घरी आली त्या दुपारी ती तोंड पाडून ओसरीवर बसली होती. आपल्या रात्री संपल्या, हे तिने मनाशी धरलंच होतं. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रम्पेट वाजलं. अल्सीड बारमधला अख्खा बँड घेऊन आला होता.

दिवसाढवळ्या दाराशी बँड आला, की त्या घरातलं माणूस गेलं, असंच त्या गल्लीत समजतात. त्या शहरात सोमवारी राजमाच करायची रीत, आणि सोमवार असल्याने घरोघरी राजमा शिजत होता. शेजारची ओडील डोळे पुसत, राजमा-भाताचं पातेलं घेऊन धावत आली आणि व्हर्नाला बघून किंचाळली, "अगं बये, तू जिवंत आहेस!"

"अल्सीड, मेल्या," व्हर्ना म्हणाली, "मी मरेपर्यंत तरी थांबायचंस!"

"तेव्हा तुला ऐकू आलं असतं का, मिस व्हर्ना?"

व्हर्नाने त्याचा हात नुसता घट्ट धरून ठेवला. ओडील हळूच पातेलं घेऊन मागे वळली.

"ए, ते कुठे नेतेस?" व्हर्ना ओरडली. "माझ्या मयताचं जेवण आहे ना? पहिला घास माझा!"