मागच्या दोन ट्रॉल्या

चंद्राबाईंच्या वाट्याला आलेला रस्ता नऊ किलोमीटरचा होता. शिराळ्याजवळच्या त्यांच्या गावामागचं उसाचं रान, मग ओढ्यावरचा अरुंद पूल, पुलापुढं चिंचेजवळचं अंग चोरून बसलेलं वळण आणि शेवटी साखर कारखान्याचा वजनकाटा. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं जोडलेला ट्रॅक्टर त्या काट्यावर नेऊन उभा करायचा, वजन झालं की ऊस उतरवायचा आणि रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत परत यायचं. असे बावीस हंगाम. नात शिवांजली कॉलेजात जायला लागल्यावर एकदा फोनवर आकडेमोड करून म्हणाली, "आज्जी, तू पृथ्वीला एक चक्कर मारून पुढं गेलीयस." चंद्राबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "आसल," त्या म्हणाल्या, "पर काट्याच्या पुढं काय हाय ते अजून बघितलं न्हाई."

त्या ट्रॅक्टरवर बसल्या त्याला कुणी मुहूर्त काढला नव्हता. नवरा नाथाजी फौजेत, तिकडं लॉऱ्या चालवायचे. एका हंगामात ऊस तोडून फडात पडलेला असताना ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ऐन वेळी दुसरीकडं निघून गेला. सासरे लालासाहेब तापानं अंथरुणावर. तोडलेला ऊस उन्हात वाळला की वजन जातं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. दोन दिवस माणूस शोधण्यात गेले. तिसऱ्या दिवशी चंद्राबाईंनी पदर खोचला आणि वर चढल्या. पहिल्या खेपेला बांधावर बघ्यांची जत्रा भरली होती. महिन्याभरात कुणी मानसुद्धा वर करेना, आणि हेच त्यांना जास्त आवडलं.

दोन ट्रॉल्या मागं असल्या की वळणाचं शास्त्र वेगळं होतं. डावीकडं वळायचं तर आधी उजवीकडं पसरायचं, रस्त्याची सगळी रुंदी घ्यायची आणि मग हळूच आत यायचं. नाहीतर मागची ट्रॉली आतलं टोक कापते आणि चाक थेट गटारात. चिंचेजवळच्या वळणानं त्यांना हे शिकवलं. पुढं ते डोक्यात राहिलं नाही, हातात उतरलं.

त्याच काळात नाथाजींचं जैसलमेरहून एक पत्र आलं होतं. त्यात घरच्यांची खुशाली विचारून झाल्यावर खाली लिहिलं होतं की इथला रस्ता असा आहे की सकाळी स्टेअरिंग धरावं आणि जेवायच्या वेळी सोडावं, मध्ये वळण म्हणून नाही. चंद्राबाईंनी ते पत्र चौघडी करून ट्रॅक्टरच्या पान्यांच्या डब्यात ठेवलं. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास बसावं लागे, तेव्हा त्या ते काढून वाचत. ग्रीसचे डाग पडत पडत शेवटी अक्षरं दिसेनाशी झाली, पण तोवर पत्र पाठ झालं होतं. वळण नसलेला रस्ता. असा कसा असेल?

नाथाजी सुभेदार होऊन घरी आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेल्या साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली. मुलगा पृथ्वीराजनं पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी गाडी गावी आणून लावली. ती अंगणात उभी बघून चंद्राबाईंना गप्प बसवेना. त्यांनी शिराळ्याच्या ड्रायव्हिंग शाळेत शिकून, रीतसर परीक्षा देऊन कारचं लायसन काढलं आणि डिसेंबरात एका रात्री जेवताना जाहीर केलं की आपण जैसलमेरला जायचं, गाडीनं, आणि गाडी मी चालवणार.

नाथाजी आधी हसले. मग बायको हसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. भावकीतला वीरधवल गाडीवर चांगला होता. तो बरोबर असेल तर उद्या निघू, असं ते म्हणाले. चंद्राबाई म्हणाल्या, मग तुमी दोघंच जावा. चार दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. पाचव्या दिवशी तोड निघाली. हायवे सोडून आधी वाईला जायचं. पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठायची आणि उतरून परत वाईला यायचं. या चढउतारात समोरून येणाऱ्या एका जरी गाडीला चंद्राबाईंमुळं ब्रेक मारावा लागला, तर वाईत थांबायचं आणि वीरधवलला बोलावून घ्यायचं. तो बॅग भरून तयारच बसणार होता.

सकाळी सातला पांढरी गाडी अंगणातून निघाली. डिकीत धपाटी, शेंगदाण्याची चटणी, लाडवांचा डबा, उसाची सोललेली कांडकी आणि चाकाला लावायचा लाकडी ठोकळा. ठोकळा बघून नाथाजींनी विचारलं होतं की कारला हँडब्रेक असतो हे शिकवलं न्हाई का त्या शाळेत. चंद्राबाईंनी ठोकळा काढला नाही. नाथाजी शेजारी बसले, शिवांजली मागं.

कारखान्याचा फाटा आला तेव्हा चंद्राबाईंचे हात आपोआप डावीकडं निघाले. त्यांनी ते आवरले. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गाणी वाजवत आत वळत होती. शेवटच्या ट्रॅक्टरवरच्या ओळखीच्या माणसानं आधी पांढऱ्या गाडीकडं, मग स्टेअरिंगकडं पाहिलं आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. काटा मागं पडला. चंद्राबाईंना वाटलं, पोटात कुणीतरी पारवा सोडलाय.

पेठ नाक्यावर हायवे लागला आणि पारव्यानं पंख उघडले. एवढा रुंद रस्ता, आणि तो आपल्यासाठी! शिवांजलीनं फोनवर नकाशा लावला होता. पण चंद्राबाईंना रस्त्यावरच्या पाट्यांवर जास्त विश्वास होता. प्रत्येक पाटी त्या मोठ्यानं वाचत होत्या. कराड. कोयनेचा पूल आला तेव्हा गाडी हळू करून त्यांनी पाण्याकडं मान लववली. उंब्रज. अतीत. नागठाणे. ही सगळी नावं त्यांनी सोयरिकीच्या बोलण्यात ऐकली होती. अमकी नागठाण्याची, तमका उंब्रजचा. आज ती गावं जागच्या जागी बसलेली बघून त्यांना मोठी गंमत वाटत होती. जणू लग्नातली सगळी पाहुणेमंडळी ओळीनं भेटत होती.

"आवं, किती चांगलं हाय हे," त्या म्हणाल्या, "पुढनं कुणी परत फिर म्हणत न्हाई."

"समोर बघ," नाथाजी म्हणाले.

नाथाजींचा उजवा पाय गाडी निघाल्यापासून फरशीवर नसलेला ब्रेक दाबत होता. पाणी प्यायला थांबल्यावर शिवांजली त्यांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा डोळा लावा की." त्यांनी मान हलवली. फौजेत नियम होता. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्यानं पापणी मिटायची नाही. सव्वीस वर्षांत ते कुणाच्याही शेजारी झोपले नव्हते आणि, त्यांनी जोडून सांगितलं, आज तर अजिबातच नाही.

अजिंक्यतारा डाव्या हाताला आला आणि मागं गेला. पाचवडला हायवे सोडून गाडी वाईत शिरली. कृष्णेचा घाट, देवळांचे कळस, पुलावरची शाळेची पोरं, सगळं काचेतून सरकलं. पसरणी गाव मागं पडलं आणि रस्त्यानं डोकं वर उचललं.

पहिलं वळण डावीकडं होतं. चंद्राबाईंच्या हातांनी विचारलंच नाही. गाडी आधी उजवीकडं पसरली, रस्त्याची सगळी रुंदी घेतली. वरून उतरणाऱ्या जीपचा हॉर्न वाजला, तिची चाकं किंचाळली, आणि जीपवाला काच खाली करून काहीतरी बोलून गेला.

तेवढ्यात नाथाजींच्या फोनवर वीरधवल. "काका, येऊ का?" एवढंच विचारत होता. नाथाजींनी फोन बंद केला. दुसऱ्या वळणाला समोरून कुणी नव्हतं. पण गाडी पुन्हा तशीच पसरली.

"आगं," नाथाजी शांतपणे म्हणाले, "मागं ट्रॉल्या न्हाईत."

आरडाओरडा केला असता तर बरं, असं चंद्राबाईंना वाटलं. पुढं रस्त्याकडेला एक लहानसं देऊळ आणि गाडी उभी करण्यापुरती जागा होती. त्यांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागं ठोकळाही लावला. खाली दरीत धोम धरणाचं पाणी चकाकत होतं आणि वाई हातावर मावेल एवढी झाली होती. त्या गाडीच्या मागं गेल्या आणि उभ्या राहिल्या. खरंच, काही नव्हतं. नुसता रस्ता.

बावीस हंगाम त्यांनी मागं वळून बघितलं ते फक्त ट्रॉल्या सरळ आहेत का ते. फडातला रस्ता ओला असला की एक ट्रॉली सोडून ठेवायची, दुसरी आधी बाहेर काढायची. ट्रॉली सोडायची म्हणजे खाली वाकायचं, जाडजूड लोखंडी पिन दोन्ही हातांनी उपसायची आणि बाजूला व्हायचं. पिन निघाली की ट्रॅक्टर कसा एकदम हलका होतो, हे चालवणाऱ्यालाच कळतं. चंद्राबाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग त्या गाडीच्या बंपरमागं वाकल्या, दोन्ही हातांनी हवेतली पिन वर उपसली आणि रस्त्याकडेच्या गवतात टाकून दिली.

"आज्जी, काही पडलं का?" शिवांजलीनं काचेतून विचारलं.

"पडलं न्हाई. सोडलं," चंद्राबाई म्हणाल्या. त्यांनी ठोकळा उचलला आणि गाडीत बसल्या.

पुढचं वळण आलं. हात उजवीकडं निघाले, अर्ध्यात थांबले आणि गाडी आपली बाजू धरून आतल्या अंगानं वर गेली. त्याच्या पुढचं आणखी चापून बसलं. समोरून भरलेली एसटी आली आणि ड्रायव्हरनं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. हाच तर मान होता. गाडी इतकी हलकी लागत होती की चंद्राबाईंना हसू यायला लागलं आणि ते त्यांनी दाबलं नाही. एक वळण, दुसरं वळण, आणि प्रत्येक वळणाला दरी थोडी आणखी खोल, आभाळ थोडं आणखी जवळ. घाटमाथ्यावर गार वाऱ्यानं पदर उडाला तेव्हा त्या आणखी दहा घाट चढायला तयार होत्या.

उतरणं बाकी होतं. नाथाजींचा पाय अजून फरशीवर घट्टच होता. पण उताराचं शास्त्रही चंद्राबाई ट्रॉल्यांकडूनच शिकल्या होत्या. भरल्या ट्रॉल्या उतारावर मागून ढकलतात. तिथं ब्रेकवर भरवसा ठेवणारा फसतो. पुलाआधीच्या उतरणीवर त्या कायम खालच्या गिअरमध्ये यायच्या, ट्रॅक्टरला स्वतःचं वजन स्वतःच पेलू द्यायच्या. वर चढताना सोडून दिलेल्या दोन्ही ट्रॉल्या त्यांनी आता मनातल्या मनात पुन्हा जोडून घेतल्या. वळताना मात्र त्या मागं नसायच्या, नुसत्या उतारावर असायच्या.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुमत, संथ, एका चालीनं उतरू लागली. पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे दर क्षणाला पेटत होते आणि तिच्या ब्रेकचा जळका वास आत येत होता. चंद्राबाईंचा पाय ब्रेकवर नुसता टेकला होता. अर्ध्या घाटात शिवांजलीनं पाहिलं की आजोबांनी उजवा पाय उचलून मांडी घातलीय. पसरणी गाव येईपर्यंत तो पाय खाली आला नाही.

वाईत कृष्णेच्या पुलाजवळ चंद्राबाईंनी गाडी थांबवली. इंजिन बंद केल्यावर एकदम शांत झालं. त्यांनी किल्ली काढली आणि नवऱ्यापुढं धरली.

"त्या जीपवाल्यानं ब्रेक मारला व्हता," त्या म्हणाल्या. "मला माजंच सांगाय पायजे."

नाथाजींनी किल्लीकडं पाहिलं. मग नदीकडं. काठावर कुणीतरी वाळत घातलेल्या साड्या वाऱ्यानं फुगल्या होत्या.

"त्यो आपला ब्रेक तपासत आसल," ते म्हणाले. "जुनी जीप व्हती."

त्यांनी वीरधवलला फोन लावला. बॅग रिकामी कर म्हणाले, आणि पलीकडून प्रश्न यायच्या आत ठेवून दिला. मग शिवांजलीला पुढं बसायला सांगून ते मागच्या सीटवर गेले. फेटा काढून मांडीवर ठेवला, चपला काढल्या, लाडवांचा डबा बाजूला सारला आणि कुशीवर वळले.

"आवं, फौजेचा नियम?" चंद्राबाईंनी आरशातून विचारलं.

"नियम शेजारी बसणाऱ्याला हाय," नाथाजी डोळे मिटून म्हणाले. "मागच्याला न्हाई."

सुरूर फाट्यावर गाडी पुन्हा हायवेला लागली तेव्हा ते घोरत होते. खंबाटकीचा बोगदा आला. अंधारात दिव्यांची रांग धावत आली आणि पलीकडं एकदम ऊन. चंद्राबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा डोंगराच्या पोटातून गाडी काढली होती आणि ओरडून सांगावंसं वाटत असूनही त्या ओरडल्या नाहीत. खंडाळा गेलं, शिरवळ गेलं. पाट्या त्या आता ओठातल्या ओठात वाचत होत्या. नीरेच्या पुलावर शिवांजली हलकेच म्हणाली, "आज्जी, सातारा जिल्हापण संपला. आजोबांना उठवू?"

चंद्राबाईंनी आरशात पाहिलं. नवऱ्याचा हात सीटवरून खाली लोंबत होता, तोंड उघडं होतं. सव्वीस वर्षांची राहिलेली झोप एकदमच आल्यासारखी.

"झोपू दे," त्या म्हणाल्या. "त्या सरळ रस्त्याला लागलो की उठवू. मला त्यांना इचारायचं हाय, वळण न्हाई तिथं हातांनी करायचं काय."

त्यांनी काच थोडी खाली केली, पदर खोचला आणि पुढची पाटी वाचायला मान उंच केली.