आधी दार

वाडीतल्या आमच्या ऑफिसात गोदामांचे नकाशे हाताने काढणारा एक माणूस आहे. त्याचं नाव सांगत नाही. तेवढं तरी झाकून ठेवतो. कोणतंही गोदाम तो दारापासून सुरू करतो. आधी दाराची फट, मग भिंती. "माणसाले आत तं जाऊ द्या, साहेब," म्हणतो.

हाताची रेघ ओळखून तिचा पक्का नकाशा करणारा कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला ही फट समजेना. चौकट पुरती बंद दिसली तरच तो तिला खोली मानायचा. हा माणूस टॅबलेटवर पेन टेकवून त्याच्याशी भांडायचा, "काहून गा, एवढं मोठं गोदाम दिसत नाही तुले?"

त्याची जुनी चित्रं दाखवून कॉम्प्युटरला शिकवायचं काम माझं होतं. तो शिकला की कोणाच्याही हातची रेघ चालेल आणि या माणसाची खुर्ची जाईल, हे मला ठाऊक होतं. मी त्याला सांगितलं नाही. तो मात्र मशीनसाठी मुद्दाम सावकाश रेघा ओढायचा. "नवीन आहे बिचारा, शिकून राहिला."

परवा त्याचं गोदाम पहिल्या झटक्यात ओळखलं गेलं. त्याने सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले. मीही खाल्ले. मग त्याने पेन माझ्या हातात दिलं. "आता तुम्ही काढा साहेब. पाहू, तुमचं वळखते का."

मी आधी दाराची फट सोडली, मग भिंती ओढल्या. पडद्यावर गोदाम उभं राहिलं.

टाळी त्यानेच वाजवली.