दोन्ही अर्ज माझेच

आमची जुनी चार मजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला. तीनेक वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही अंधेरीत परत राहायला आलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मासेवाली आपल्या जागेवर होती. मला टेम्पोतून उतरताना बघून ती तिथूनच ओरडली, "आलीस गो बाय! मला वाटलं तिकडंच रमलीस."

ती वर्सोव्याची. नवऱ्याची लहानशी होडी होती. होडीला मिळेल ते आणि बंदरावर लिलावात मिळेल ते घेऊन ती सकाळी रिक्षाने यायची आणि बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीशी पाटी मांडायची. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसत असे. माझी आई सासूकडून घ्यायची, मी सुनेकडून घेऊ लागले. वयाने ती माझ्याहून फार मोठी नसावी, पण मी तिला मावशी म्हणायचे आणि तीही मला सरळ तू म्हणायची.

तिचे काही हट्ट होते. पावसाळ्यात दर्या बंद असला की दोन महिने ती फक्त सुके बोंबील आणि जवळा विकायची. बर्फातली सुरमई कुठून तरी आणून विकणाऱ्या बाया होत्या, त्यांना गिऱ्हाईकही होतं. ही मात्र सुकटीपुढे बसून राहायची. दुसरा हट्ट म्हणजे पिल्लं विकायची नाहीत.

एकदा माझ्याकडे ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती. एकेकाच्या ताटात एकेक अख्खं तळलेलं पापलेट वाढायचं, असं माझ्या डोक्यात होतं. हॉटेलात बघितलं होतं तसं. तळहाताएवढी हवीत, म्हणून मी तिला आदल्या दिवशी सांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने एक मोठा हलवा मासा पुढे केला.

"याच्या तुकड्या कर. तू सांगितलेली पिल्लं हायेत. एकदा तरी अंडी घालू दे की त्यांना."

मी चिडले. "मावशी, तू नाही विकलीस तर दुसरी कोणी विकेल."

"विकंल. मी नाय विकनार."

मी हलवा न घेताच निघाले आणि स्टेशनजवळच्या बाजारातून हवी तशी पापलेटं आणली. लोकांनी ताटातल्या पापलेटाचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी मी तिला ते मुद्दाम सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "बरं झालं, तुझी पार्टी झाली."

टॉवरमध्ये आम्ही जुने भाडेकरू थोडे आणि नवे लोक पुष्कळ. मी नुकतीच विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, घरात मोकळी होते, म्हणून मला सेक्रेटरी केलं. दुसऱ्या का तिसऱ्या मीटिंगला मासेवालीचा विषय निघाला. पाणी फुटपाथवर येतं, मांजरं जमतात, गाडीची काच खाली केली की वास येतो, आपल्या गेटचं पहिलं इम्प्रेशन काय पडतं, असं एकेक जण बोलत गेला. कोणी रागावून बोलत नव्हतं. मी मासे खाते का, हेही कोणी विचारलं नाही. आमचं मूळ गाव मालवणच्या अलीकडचं, वडील कापडगिरणीत कामाला, घरात माशाशिवाय रविवार गेलेला मला आठवत नाही. एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. मी मिनिट्स लिहीत राहिले.

"मॅडम, अर्ज तुम्हीच लिहा ना," चेअरमन म्हणाले. "वॉर्ड ऑफिसला चांगल्या मराठीत गेला पाहिजे. तुमच्यासारखं इथे कुणाला जमणार?"

मला बरं वाटलं. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. नव्या लोकांत आपल्याला मान आहे, याचा मला आनंद झाला होता.

अर्ज मी रविवारी सकाळी लिहिला. गॅसवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं. बांगडे तिच्याकडचेच. 'सततची दुर्गंधी, सांडपाण्याची अस्वच्छता व ज्येष्ठ पादचाऱ्यांच्या जिवाला निर्माण झालेला धोका' असं मी लिहिलं. एकही ज्येष्ठ पादचारी तिथे कधी घसरला नव्हता. पण वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून राहू दिलं.

महिना-दीड महिन्याने दुपारी गेटवरून इंटरकॉम आला. "मॅडम, मासेवाली आलीय. वर सोडू?"

इतक्या वर्षांत ती माझ्या घरी पहिल्यांदा आली. अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून आली होती. सोफ्यावर बसेना. "तुझ्या गादीला वास लागंल," म्हणून जमिनीवर बसली. मग मीही खालीच बसले. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"वाच गो. ऑफिसातला मानूस देऊन गेला."

नोटीस होती. रहिवाशांच्या तक्रारीवरून जागा खाली करावी, काही म्हणणे असल्यास आठवड्याच्या आत लेखी द्यावे. खाली तक्रारीचा मजकूर उतरवला होता. सततची दुर्गंधी, सांडपाण्याची अस्वच्छता, ज्येष्ठ पादचारी. माझंच वाक्य मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

"कोनी केली तक्रार?" तिने विचारलं.

"रहिवाशांनी, असं लिहिलंय."

"रहिवाशी म्हंजे कोन?"

"नाव नाही घातलेलं," मी म्हणाले. ते खरंच होतं. नोटिशीत नाव नव्हतं.

तिने नोटिशीची घडी घालून ती पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "बरं, आता तू लिही. मी सांगते."

मी कागद-पेन घेतलं आणि ती सांगू लागली. "लिही, माझी सासू हितंच बसायची. लिही, मी पानी बादलीत धरते आनि गटारात ओतते, फुटपाथवर नाय सोडत. लिही, आमची होडी बारकी, जालं बारकं, जेवढं गावंल तेवढंच आनतो. ते मोठे ट्रॉलरवाले दिवे लावून सगला दर्या खरवडून नेतात, त्यांचा माल तुमच्या काचेच्या दुकानात जातो, त्याला वास नाय येत का? लिही, पिल्लं आमी विकत नाय. लिही, पावसात दर्या बंद असतो तवा घरात काय नसलं तरी आमी जात नाय, त्याला इसावा पायजे म्हनून. आनि हे पन लिही, जाल्यात आता माशापेक्षा तुमच्या पिशव्या जास्ती येतात. त्याची तक्रार आमी कुठं करायची?"

ती थांबली, तेव्हा मी पेन नुसतंच धरून बसले होते.

"मावशी, ऑफिसात एवढं कोणी वाचत नाही. मुद्द्याचं तेवढंच लिहू."

"मंग मुद्द्याचं काय?"

मी पाच ओळी लिहिल्या. अर्जदार अनेक वर्षांपासून सदर जागी व्यवसाय करीत असून कुटुंबाचा उदरनिर्वाह त्यावरच अवलंबून आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती. असा अर्ज कोणीही कोणासाठीही लिहू शकतं. पहिल्या अर्जासाठी मी सकाळभर शब्द जुळवत बसले होते. दुसरा चहा उकळेपर्यंत झाला.

तिने सही शिकून घेतली होती. एकेक अक्षर कोरत तिने नाव लिहिलं आणि विचारलं, "दर्याचं लिवलंस ना?"

"लिहिलंय," मी म्हणाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. एका मंगळवारी ती जागेवर दिसली नाही. आठवडाभरात आमच्या सोसायटीने तिथे सिमेंटच्या कुंड्या ठेवल्या. तिला लांबच्या मंडईत, मागच्या रांगेत जागा मिळाल्याचं वॉचमनकडून कळलं. रिक्षाने दहा मिनिटांचा रस्ता. मी एकदाही गेले नाही. आज पाय दुखतात, उद्या ऊन आहे, असं करत राहिले. नंतर भाचीने मोबाइलवर ॲप टाकून दिलं. कापलेले, धुतलेले मासे डब्यातून दारात येऊ लागले. भर जुलैत मी त्यावरून पापलेटं मागवली. तळहाताएवढीच आली. कुठून आली, कोणी धरली, डब्यावर काही नव्हतं. मी ती तळली आणि खाल्ली. चवीला चांगली होती, हेही सांगायला हवं.

गेल्या वर्षी मढला एका नातेवाइकाच्या घरी जायचं होतं, म्हणून बोट पकडायला वर्सोव्याला गेले. बंदराकडे जाणाऱ्या गल्लीत चार-पाच बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांच्यातून हाक आली, "गो बाय!"

ती बरीच वाळली होती. मंडईत मागच्या रांगेपर्यंत कोणी येत नव्हतं, म्हणून तिने वर्षभरातच ती जागा सोडली होती. होडीही विकली. मुलगा मॉलमध्ये सिक्युरिटीत लागला होता आणि ती व्यापाऱ्याची कोळंबी सोलून देत होती. कोळंबी कुठली, मी विचारलं. "काय म्हायती? टेम्पोतून येते," ती म्हणाली. कोणत्या होडीला काय लागलं हे मला पाठ सांगणारी ती बाई.

तिने चहा मागवला. मग शेजारणीला माझी ओळख करून दिली. "ही त्या टावरातली. सगल्या बिल्डिंगीत एकटी हिने मला अर्ज लिवून दिला. दर्याचं सगलं लिवलं होतं. पन त्यांनी वाचलंच नाय बग."

शेजारीण माझ्याकडे बघून कौतुकाने हसली. शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. समोर तिची बोटं थांबत नव्हती, साल एका बाजूला, कोळंबी एका बाजूला. मी चहा संपवला, येते म्हणाले आणि बोटीकडे गेले.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. तक्रारीचा अर्ज कोणी लिहिला, उत्तराचा कोणी लिहिला आणि त्यातून काय गाळलं, ते सगळं सांगितलं. आठवड्यातून दोन सकाळी गेटजवळच्या पार्किंगच्या कोपऱ्यात तिला बसू द्यावं, पाण्याची सोय सोसायटीने करावी, असा ठराव मांडला. लोकांनी ऐकून घेतलं. चौथ्या मजल्यावरची एक तरुण मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ती परत येईल का? तिला विचारलंय तुम्ही?"

मी विचारलं नव्हतं. ठरावाच्या बाजूने चार हात वर झाले, त्यातला एक माझा. चेअरमन हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सोसायटीचं काम केलंत." मी सेक्रेटरीपद सोडलं, त्याचंही कोणाला फारसं काही वाटलं नाही.

सभेत मी भरलेल्या हॉलसमोर बोलले. तिच्यासमोर अजून बोललेली नाही. आमच्या गेटवरून वर्सोव्याला शेअर रिक्षा जातात, माणसं भरली की निघतात. दोनदा मी आत बसून, रिक्षा भरायच्या आधी उतरले आहे.