यान हरवलं, जात सापडली

“कोट्यातले लोक बसवले, तर यान पडणारच ना भई!”

फोरमनसाहेब हे माझ्या धाकट्या बहिणीच्या साक्षगंधात बोलले. जबलपूरच्या गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात, आम्हीच पुढे केलेल्या खुर्चीवर बसून. मी त्यांच्यासमोर पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते.

पंचशील झालं होतं. अंगठ्या झाल्या होत्या. नवरदेवाकडची मंडळी जेवायला बसली होती. कुणीतरी कौतुकानं सांगितलं, “ही मोठी. दक्षिणेत अंतराळ केंद्रात इंजिनीअर आहे. इथून यान चालवते.” तेव्हा साहेब हसले आणि हे बोलले. मग आणखी काही जण हसले. नवरदेवाचे वडील ताटात बघत राहिले.

माझे बाबाही हसले.

ते हसू मी ओळखते. बाबा इथल्या फॅक्टरीत लेबर होते, साहेब त्यांचे फोरमन. दोघंही विदर्भातून आलेले. सगळीकडे हिंदी, आणि हे दोघं आपसात मराठी बोलायचे. म्हणून बाबांना वाटायचं, साहेब आपले आहेत. साहेब आमच्या क्वार्टरवर आले की शिजवलेलं काही खायचे नाहीत. केळं मात्र खायचे. मला लहानपणी वाटायचं, त्यांना केळी आवडतात.

यान पडलं नव्हतं. ते मुकं झालं होतं.

त्या दिवशी कन्सोलवर मी होते. कन्सोल म्हणजे पडद्यांसमोरची जागा. तिथून यानाला कमांड जाते. ती एकट्याची नसते. एक जण लिहितो, दुसरा तपासतो, वरचे अधिकारी हो म्हणतात, मग कन्सोलवरचा माणूस पाठवतो. मी पाठवली. पडद्यावरचे आकडे थांबले. पुन्हा पाठवली. काही नाही. यान लाखो किलोमीटर दूर. हात लावता येत नाही, उघडून बघता येत नाही. फक्त हाका मारायच्या आणि कान लावून बसायचं. आम्ही बसलो. कितीतरी दिवस.

मग बैठक झाली. कमांड लिहिणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. तपासणाऱ्यालाही नाही. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं.

“बटन तुम्हीच दाबलं ना?”

“हो, सर.”

मागून कुणीतरी म्हणालं, “भरतीच्या वेळीच बघायला पाहिजे.” हळू म्हणालं. पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू. कुणी वळून पाहिलं नाही.

पुढे चौकशीत निघालं की यानातलाच एक भाग निकामी झाला होता. कमांड बरोबर होती. पण तोवर माझी जागा दुसऱ्याला गेली होती. “थोडा आराम करा,” म्हणाले. म्हणून तर साक्षगंधाला सुट्टी मिळाली.

आणि इथं, माझ्याच घरात, तेच वाक्य.

मी ट्रे खाली ठेवला.

“काका, याच्या आधीचं यान नीट पोचलं, तेव्हाही त्या जागेवर मीच बसली होती. तेव्हा तुम्ही मोहल्लाभर सांगत फिरले, आपल्या लेबरची पोरगी आहे म्हणून. तेव्हा माझा कोटा काहून नाही आठवला?”

“अरे बेटा, मजाक केली.”

“मला हसू नाही आलं.”

साहेब उठले. बाबा त्यांच्यामागे धावले, थेट गल्लीत. मी दारातून बघत होते. आता कुणाच्याही हाताखाली नसलेले माझे बाबा, भर गल्लीत, हात जोडून, वाकून.

“माफ करा साहेब. पोरीची तब्येत बरी नाही.”

साहेबांनी त्यांचा खांदा थोपटला. माफ केलं. कशाची माफी, कुणास ठाऊक.

बाबा आत आले. “काहून बोलली तू? नव्या सोयऱ्यांसमोर? सोयरीक मोडली असती तर?”

“बाबा, तुम्ही काहून माफी मागून राहिले होते?”

त्यांनी मी खाली ठेवलेला ट्रे उचलला.

“मला दुसरं काही येत नाही, बेटा.”

सोयरीक मोडली नाही. पण जाताना त्या मंडळींपैकी माझ्याशी कुणी बोललं नाही. बहीणही नाही.

परत कामावर गेले. पहिल्याच बैठकीत उठले.

“सर, कमांड लिहिली दुसऱ्यानं, तपासली तिसऱ्यानं. प्रश्न मला एकटीलाच का विचारला?”

“हे जातीवर नेऊ नका, मॅडम.”

“मी नेलं नाही, सर. ती इथंच बसली होती.”

प्रमुखांनी पुढचा विषय घेतला. जागा मिळाली नाही. सध्या मला मागच्या खोलीत जुने आकडे तपासायला बसवलंय. नव्या यानाची तयारी काचेपलीकडे चालू आहे. मला दिसते.

नोकरी सोडणार नाही. बदली मागणार नाही. दर बैठकीत उठणार, तोच प्रश्न विचारणार. कंटाळा त्यांना येऊ दे.

बाबांना फोनवर सांगितलंय, यापुढे माझ्या वतीनं कुणाची माफी मागायची नाही. मागितलीत, तर मी जबलपूरला येईन आणि त्याच माणसासमोर उभी राहून ती परत घेईन.